पंधराव्या तासाची किंमत

दक्षिण कोरियात आठवड्यातला पंधरावा तास सगळ्यात महाग पडतो. २०२६ सालचं तिथलं किमान वेतन तासाला १०,३२० वॉन आहे. आठवड्याला चौदा तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे त्या दराने १,४४,४८० वॉन होतात. त्याच्याच करारात पंधरा तास लिहिले, की आठवड्याची रक्कम थेट १,८५,७६० वॉनवर जाते. काम एका तासाने वाढलं आणि पैसे चार तासांचे वाढले. यातले तीन तास कुणी राबलेलं नसतं. ते सुट्टीच्या दिवसाचे, विश्रांतीचे पैसे असतात.

कोरियन भाषेत याला ‘जुह्यू सुदांग’ म्हणतात. आपण त्याला साप्ताहिक सुट्टीचा भत्ता म्हणू. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याला हा भत्ता वेगळा दिसत नाही, तो पगारातच मुरलेला असतो. तासावर काम करणाऱ्याला मात्र तो मोजून घ्यावा लागतो. कॅफेत कॉफी बनवणारी मुलगी, रात्रभर उघडं असलेलं छोटं दुकान सांभाळणारा विद्यार्थी, हॉटेलात ताटं उचलणारी पन्नाशीची बाई, या सगळ्यांच्या कमाईचा सहावा हिस्सा या भत्त्यावर अवलंबून असतो. हिशेब अवघड नाही, पण त्यात तीन-चार जागा अशा आहेत की तिथे चूक झाली की नुकसान नेहमी कामगाराचंच होतं. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. आणि या हिशेबाच्या पोटात दडलेला प्रश्न आपल्याकडच्या हजेरीपटावरही तसाच्या तसा उभा आहे.

कोरियाचा श्रम मानक कायदा मे १९५३ मध्ये आला. तेव्हा कोरियन युद्ध संपलेलंही नव्हतं, शस्त्रसंधी त्यानंतर जुलैमध्ये झाली. साप्ताहिक सुट्टीच्या नियमाचं मूळ त्या कायद्यात आहे. आज ते कलम ५५ मध्ये आहे: मालकाने कामगाराला आठवड्यातून सरासरी निदान एक पगारी सुट्टी द्यायलाच हवी. या वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘पगारी’ हा आहे. रोजावर जगणाऱ्या माणसाला बिनपगारी सुट्टी परवडत नाही. तो त्या दिवशी दुसरीकडे काम शोधतो. शरीराला विश्रांती मिळावी म्हणून ठेवलेला दिवस अशा वेळी फक्त मालक बदलण्याचा दिवस होतो. सुट्टी खरी हवी असेल तर त्या दिवसाची चूल पेटण्याची सोयही सुट्टीबरोबरच यायला हवी, हा या कलमामागचा विचार आहे आणि तो मला पूर्णपणे पटतो.

सुट्टी रविवारीच हवी असं कायदा म्हणत नाही. मंगळवारी दुकान बंद असेल तर मंगळवारही चालतो. आणखी एक गोष्ट लहान दुकानांतल्या कामगारांना माहीत असायला हवी. पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांना कोरियात कामगार कायद्याच्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. जादा तासांचा किंवा रात्रपाळीचा दीडपट दर त्यांना लागू होत नाही. साप्ताहिक पगारी सुट्टी मात्र त्यांनाही चुकत नाही. एकच माणूस कामाला असला तरी ती द्यावी लागते.

भत्ता मिळण्यासाठी दोन अटी आहेत. करारात ठरलेले तास चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला पंधरा किंवा त्याहून जास्त हवेत. आणि त्या आठवड्यात ठरलेल्या सगळ्या दिवशी माणूस कामावर आलेला हवा. या दोन्ही अटी पुरेशा जाचक आहेत. पण आधी आकडे पाहू.

पूर्णवेळ कामगाराचं सोपं आहे. पाच दिवस, रोज आठ तास, म्हणजे चाळीस तास. सुट्टीच्या दिवसाचे आठ तास. किमान वेतनाच्या दराने कामाचे ४,१२,८०० आणि सुट्टीचे ८२,५६०, एकूण ४,९५,३६० वॉन. काम पाच दिवसांचं, पगार सहा दिवसांचा. याच कारणाने कोरियात तासाचा खरा किमान दर १०,३२० नसून त्याच्या एक पूर्णांक दोन दशांश पट, म्हणजे १२,३८४ वॉन पडतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘सुट्टीभत्त्यासह तासाला अमुक’ असं लिहिलेलं असेल आणि तो आकडा १२,३८४ च्या खाली असेल, तर तो दर किमान वेतनाच्या खाली गेला, हे ओळखायला एवढा एक आकडा पुरतो. जादा काम करून कुणी आठवड्याला पन्नास तास भरले, तरी सुट्टीचे तास आठच राहतात, कारण सुट्टीचा हिशेब ठरलेल्या तासांवर होतो आणि ठरलेल्या तासांना दिवसाला आठ नि आठवड्याला चाळीस अशी मर्यादा आहे.

अर्धवेळ कामगाराच्या बाबतीत नियम सांगतो, की चार आठवड्यांत त्याचे ठरलेले एकूण तास घ्यायचे आणि त्याच चार आठवड्यांत तिथल्या पूर्णवेळ कामगाराचे जेवढे कामाचे दिवस होतात त्याने भागायचं. पाच दिवसांच्या आठवड्यात हे वीस दिवस होतात. सोपं करून सांगायचं तर आठवड्याचे तास भागिले पाच. एखादी मुलगी सोलमधल्या कॅफेत सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सहा-सहा तास काम करते असं धरू. आठवड्याचे अठरा तास झाले. अठरा भागिले पाच, तीन पूर्णांक सहा दशांश तास. त्याला १०,३२० ने गुणलं की ३७,१५२ वॉन. तिच्या कामाचे १,८५,७६० आणि हा भत्ता मिळून आठवड्याला २,२२,९१२ वॉन तिच्या हातात यायला हवेत.

इथे पहिली गफलत होते. आठवड्यातून तीनच दिवस, पण रोज आठ तास काम करणाऱ्या माणसाला वाटतं, की माझा दिवस आठ तासांचा, तेव्हा सुट्टीही आठ तासांची. तसं नाही. त्याचे चोवीस तास भागिले पाच, म्हणजे चार पूर्णांक आठ दशांश तास, ४९,५३६ वॉन. तीन दिवस आठ तास राबणारा आणि सहा दिवस चार तास राबणारा, दोघांचे आठवड्याचे तास सारखेच, म्हणून दोघांचा सुट्टीभत्ताही सारखाच. भागाकार स्वतःच्या दिवसांनी न करता पूर्णवेळ कामगाराच्या दिवसांनी करण्यामागे हे कारण आहे, आणि ते न्याय्य आहे. उलट तीन दिवसवाल्याला आठ तासांचा भत्ता दिला, तर चोवीस तासांच्या कामाला पूर्णवेळ कामगाराइतकीच सुट्टी मिळेल.

तास दर आठवड्याला बदलत असतील तर सरासरीचा नियम कामी येतो. एका आठवड्यात बारा, पुढच्यात अठरा, मग चौदा आणि सोळा तास ठरलेले असतील, तर चार आठवड्यांचे साठ होतात. सरासरी पंधरा, म्हणजे हक्क लागू. साठ भागिले वीस, दर आठवड्याला तीन तासांचा भत्ता. बारा तासांच्या आठवड्याकडे बोट दाखवून ‘या आठवड्यात तुझे पंधरा भरले नाहीत’ असं मालकाला म्हणता येत नाही.

आता दुसरी अट, हजेरी. ठरलेल्या दिवसांपैकी एक जरी खाडा झाला, तरी त्या आठवड्याचा सगळा सुट्टीभत्ता जातो. आठ तासांच्या पूर्णवेळ कामगाराने किमान दरावर एक दिवस दांडी मारली, तर त्या दिवसाचे ८२,५६० वॉन जातातच, शिवाय सुट्टीचेही ८२,५६० जातात. एका खाड्याला दोन दिवसांचा पगार. आपल्याकडे काही कारखान्यांत शनिवार आणि सोमवार दोन्ही बुडवले की मधला रविवारही कापला जातो, त्याहून हे कडक आहे. कारण इथे बुधवारचा खाडाही पुरतो.

पण ही अट जेवढी कडक, तेवढ्याच तिच्या मर्यादाही पक्क्या आहेत आणि त्या कामगारांना फारशा ठाऊक नसतात. उशिरा येणं किंवा लवकर जाणं हा खाडा नाही. सकाळी दोन तास उशीर झाला तर दोन तासांचे पैसे कापता येतात, पण माणूस त्या दिवशी आला होता, म्हणून सुट्टीचा हक्क शाबूत राहतो. तीन उशीर म्हणजे एक खाडा, असा घरगुती नियम काही मालक लावतात, तो सुट्टीभत्त्याच्या बाबतीत चालत नाही. हक्काची वार्षिक रजा घेतली तर तो दिवस मोजणीतून बाहेर जातो. उरलेले दिवस भरले की झालं. चुसॉकसारख्या सणाची सार्वजनिक सुट्टी आठवड्यात आली तरी तसंच. आणि मालकाने आपल्याच अडचणीमुळे दुकान बंद ठेवलं, तर तो दिवस कामगाराच्या नावावर खाडा म्हणून लिहिता येत नाही.

शेवटच्या आठवड्यावरून वर्षानुवर्षं वाद होत. शुक्रवारी काम सुटलं, रविवारची सुट्टी अजून यायची आहे, मग तिचे पैसे द्यायचे का? रोजगार आणि श्रम मंत्रालय पूर्वी म्हणायचं, की सुट्टी ही पुढच्या आठवड्याच्या कामासाठी असते, तेव्हा पुढच्या आठवड्यात काम ठरलेलं असेल तरच भत्ता. ऑगस्ट २०२१ मध्ये मंत्रालयाने ही भूमिका बदलली. आता आठवडाभर करार चालू असेल आणि ठरलेले दिवस भरले असतील, तर पुढच्या सोमवारी काम असो वा नसो, भत्ता मिळतो. फक्त सुट्टीच्या दिवसापर्यंत करार जिवंत हवा. रविवारपर्यंत नोकरी धरली असेल तर पैसे मिळतात, शुक्रवारीच संपवली असेल तर नाही. राजीनाम्याच्या कागदावरची तारीख कुणी लिहिली आणि कोणती लिहिली याला त्यामुळे किंमत आली.

मला या बदलात एका दिवसाच्या पैशांपेक्षा मोठी गोष्ट दिसते. सुट्टी पुढच्या कामासाठी असेल, तर ती यंत्राला तेल घालण्यासारखी ठरते. सुट्टी झालेल्या कामाबद्दल असेल, तर ती कमावलेली ठरते. २०२१ नंतरचा अर्थ दुसरा आहे. आठवडा राबून झाला की सुट्टी माणसाने मिळवलेली असते. पुढे त्याचा कुणाला उपयोग आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

खरी मोठी लढाई मात्र महिन्याच्या पगारावर झाली आणि ती सगळी एका भाजकावरून झाली. वर्षाचे ३६५ दिवस भागिले सात आणि भागिले बारा केले, की महिन्यात सरासरी ४.३४५ आठवडे निघतात. फक्त कामाचे चाळीस तास धरले तर महिन्याचे सुमारे १७४ तास होतात. सुट्टीचे आठ धरून अठ्ठेचाळीस केले तर २०९. आता एखाद्या कामगाराचा महिन्याचा पगार वीस लाख वॉन आहे असं समजा. १७४ ने भागलं तर तासाला जवळपास ११,४९४ वॉन पडतात, किमान वेतनाच्या चांगलेच वर. २०९ ने भागलं तर ९,५६९, म्हणजे किमान वेतनाच्या खाली, आणि मालक गुन्हेगार. पगार तोच, माणूस तोच, काम तेच. बदलला तो फक्त भाजक.

मंत्रालय २०९ चा आग्रह धरत असे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल १७४ च्या बाजूचे होते, कारण किमान वेतनाच्या नियमात ‘ठरलेले कामाचे तास’ असे शब्द होते आणि सुट्टीच्या तासांत कुणी काम ठरवलेलं नसतं. अखेर २०१८ च्या शेवटी सरकारने किमान वेतन कायद्याच्या अंमलबजावणीचा आदेशच दुरुस्त केला आणि कायद्याने बंधनकारक असलेल्या साप्ताहिक सुट्टीचे तास भाजकात घालायचे, असं स्पष्ट लिहिलं. कंपनीने किंवा संघटनेशी झालेल्या कराराने शनिवारही पगारी केला असेल, तर ते तास मात्र या गणितातून बाहेर ठेवले. तसं केलं नसतं तर जो मालक कायद्याहून उदार होता, तोच किमान वेतनाच्या कचाट्यात सापडला असता. एका व्यावसायिकाने या दुरुस्तीला आव्हान दिलं. २५ जून २०२० रोजी संविधान न्यायालयाने ते एकमताने फेटाळलं. कोरियात किमान वेतन जाहीर होतं तेव्हा तासाच्या दरासोबत २०९ तासांचा मासिक आकडाही दिला जातो. २०२६ साठी तो २१,५६,८८० वॉन आहे.

मराठी वाचकाला इथे आपला भाजक आठवायला हवा. तो २६ आहे. महिन्याचं किमान वेतन २६ ने भागून रोजचा दर काढण्याची आपल्याकडची पद्धत अनेकांना नुसती कारकुनी सोय वाटते. तसं नाही. १९५० च्या किमान वेतनाच्या केंद्रीय नियमांत आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं वेतन द्यायला सांगितलं होतं आणि लगेच खुलासा होता, की रोजचा दर मासिक वेतनाला सव्वीसने भागून काढला असेल तर त्या दिवसाचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. कारण मग रविवारचे पैसे इतर सहा दिवसांच्या दरात आधीच वाटून दिलेले असतात. समजा महिन्याचं वेतन १३,००० रुपये. सव्वीसने भागलं तर रोजाला ५०० रुपये. सव्वीस दिवस भरले की १३,००० पुरे होतात, रविवारसकट. तीसने भागलं तर रोज ४३३ रुपयांचा होतो. मग रविवारचे पैसे वेगळे द्यायला हवेत. पण मुकादमाने तीसने भागून रोज काढला आणि रविवार ‘बिनपगारी’ लिहिला, तर सव्वीस दिवसांचे ११,२६६ रुपयेच हातात येतात आणि दर महिन्याला सतराशेच्या वर रुपये कुणालाही न दिसता नाहीसे होतात. कोरियातला १७४ आणि २०९ चा वाद आणि आपला २६ आणि ३० चा वाद, दोन्हींत कामगाराला विचारायचा प्रश्न एकच आहे: माझा रोज कशाने भागून काढला?

ग्रॅच्युइटीत हाच प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पंधरा दिवसांचं वेतन काढताना महिना तीसचा धरायचा की सव्वीसचा? १९८० साली दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने सव्वीस मान्य केले आणि १९८७ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. महिन्याला २६,००० मिळवणाऱ्याला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १३,००० ऐवजी १५,००० रुपये मिळतात ते त्यामुळे.

मुंबईच्या गिरण्यांतल्या रविवारच्या सुट्टीचं श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीला आहे. १८८४ च्या सभेतून पुढे आलेल्या मागण्यांत रविवारची सुट्टी पहिली होती, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. सुट्टी मिळाली, पण त्या दिवसाचा पगार हा पुढचा प्रश्न राहिला. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साप्ताहिक विश्रांतीच्या करारातही सात दिवसांत सलग चोवीस तास विश्रांतीचं बंधन आहे, पैशांबद्दल अवाक्षर नाही. भारताने तो करार १९२३ मध्येच मान्य केला. मुंबई राज्याच्या १९४८ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने मात्र हा प्रश्न सरळ सोडवला होता. दुकान साप्ताहिक सुट्टीला बंद असलं तरी पगार कापायचा नाही, आणि माणूस रोजंदारीवर असेल तरी त्या दिवसाचा रोज द्यायचा, असं त्याच्या अठराव्या कलमात लिहिलं होतं. कोरियातल्या नियमात आणि यात एक मोठा फरक असा, की पंधरा तासांची अट आपल्या त्या कलमात नव्हती.

त्या अटीने कोरियात काय केलं ते आता पाहू. पंधरा तासांच्या खालच्या कामगाराला केवळ सुट्टीभत्ताच नाही, तर वार्षिक रजा आणि नोकरी सोडताना मिळणारी सेवानिवृत्तीची रक्कमही नाकारली जाते. म्हणजे एका रेषेवर तीन हक्क टांगलेले आहेत. मालकाच्या बाजूने हिशेब असा दिसतो. दुकानात आठवड्याला अठ्ठावीस तासांचं काम आहे. एक माणूस ठेवला तर कामाचे २,८८,९६० आणि सुट्टीचे ५७,७९२ वॉन. तेच काम चौदा-चौदा तासांच्या दोन माणसांत वाटलं तर नुसते २,८८,९६०. महिन्याला अडीच लाख वॉन वाचतात, आणि दोघांतल्या एकालाही कधी सेवानिवृत्तीची रक्कम द्यावी लागत नाही. चोवीस तास उघड्या दुकानाला आठवड्याला १६८ तास माणूस लागतो. ते बारा जणांत चौदा तासांनी बरोबर वाटले जातात. पूर्ण दुकान चालतं आणि सुट्टीचा एक वॉनही द्यावा लागत नाही. अशा तुकड्यांच्या कामांना कोरियात नावही पडलं आहे, ‘तुकडे पाडलेली अल्बा’. अल्बा म्हणजे अर्धवेळ नोकरी.

दुकानदारांना सरसकट लबाड ठरवणं योग्य होणार नाही. २०१८ मध्ये किमान वेतन १६.४ टक्क्यांनी वाढून ७,५३० वॉन झालं, पुढच्या वर्षी आणखी १०.९ टक्क्यांनी वाढून ८,३५० झालं. दर वाढला की सुट्टीभत्ताही त्याच प्रमाणात वाढतो. ज्या दुकानदाराची स्वतःची कमाई कामगाराच्या कमाईहून फारशी जास्त नाही, तो तेरा-चौदा तासांच्या वेळापत्रकाकडे ढकलला जातो. भत्ताच रद्द करा, ही मागणी तिथे वारंवार होते ती यातूनच. मला ती मान्य नाही. भत्ता काढून तासाचा दर तेवढाच ठेवला, तर गरीब कामगाराच्या पगारातला सहावा हिस्सा जाईल. दोष भत्त्याचा नाही. तो मिळायला लागतो त्या जागी जी पायरी आहे, तिचा आहे. चौदा तासांना शून्य आणि पंधरा तासांना तीन तास, या उडीमुळे मालकाला माणसाचा आठवडा तोडण्यात फायदा दिसतो. तोडलेला आठवडा घेऊन तो विद्यार्थी मग दुसऱ्या दुकानात उरलेले चौदा तास भरतो. एकूण अठ्ठावीस तास राबतो आणि त्याची एकही सुट्टी पगारी नसते.

मेक्सिकोच्या कामगार कायद्यात याचं उत्तर आहे. तिथेही सहा दिवसांच्या कामामागे एक दिवस पूर्ण पगारी सुट्टी आहे. पण कामगाराने आठवड्याचे सगळे दिवस काम केलं नाही, किंवा एकाच आठवड्यात अनेक मालकांकडे काम केलं, तर सुट्टीच्या पगाराचा त्या प्रमाणातला हिस्सा त्याला मिळतो. खाडा झाला तर सुट्टीचा तेवढाच भाग जातो, सगळी सुट्टी जात नाही. दोन मालकांत आठवडा वाटला तर सुट्टीही दोघांत वाटली जाते. असा नियम कोरियात आला तर चौदा तासांच्या कामगाराला आठवड्याला २८,८९६ वॉन मिळतील आणि मालकाला तेरा, चौदा किंवा पंधरा तासांत निवड करण्याचं कारणच राहणार नाही. लहान दुकानदारांवर याचा बोजा पडेल हे खरं आहे, आणि तो सरकारने काही काळ वाटून घ्यायला हवा. पण रेष तशीच ठेवून फक्त तपासणी वाढवण्याने तुकडे पाडणं थांबणार नाही.

तोवर ज्याला आत्ता हिशेब मागायचा आहे, त्याच्या हातात काय आहे? कोरियाचा श्रम कायदा राष्ट्रीयत्व पाहत नाही. तिथे शिकायला गेलेला पुण्या-नागपूरचा विद्यार्थी फावल्या वेळात हॉटेलात काम करत असेल, तर हा भत्ता त्यालाही तेवढाच लागू आहे. करारात तास लिहून घेणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पंधराची मोजणी ठरलेल्या तासांची आहे. करारात तास लिहिलेच नसतील, तर प्रत्यक्ष किती काम झालं यावरून ठरवावं लागतं. म्हणून रोजच्या येण्या-जाण्याची वेळ स्वतःच्या वहीत असावी. मालकाने पाठवलेले पाळ्यांचे मोबाइलवरचे संदेश पुसू नयेत. १९ नोव्हेंबर २०२१ पासून पगाराची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे आणि तीत रकमेचा हिशेब कसा केला तेही दाखवावं लागतं. सुट्टीभत्ता वेगळ्या ओळीत आहे का, तिथेच पाहावं.

काम सुटल्यावर सगळी देणी चौदा दिवसांत चुकती करावी लागतात. ती झाली नाहीत तर श्रम कार्यालयात तक्रार करता येते. त्यासाठी फी लागत नाही आणि कामगार अजून त्याच दुकानात काम करत असला तरी तक्रार घेतली जाते. वेतन थकवणाऱ्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. मागणीची मुदत तीन वर्षांची आहे आणि ती प्रत्येक पगाराच्या तारखेपासून वेगळी धावते. चार वर्षं एकाच ठिकाणी काम करून कुणी शेवटी तक्रार केली, तर पहिल्या वर्षाचा भत्ता बुडालेला असतो आणि उरलेल्यातलाही सर्वांत जुना पगार पुढच्या महिन्याच्या पगाराच्या तारखेला मुदतीबाहेर जाणार असतो.